टांगणी

मोजणी शून्यापासून सुरू होते, इलिंका म्हणते.
मी वहीत लिहून घेते,
तरी बोट एकावरच जातं.
एकवीस वर्षं दिवाखोलीत काढली मी.
एक नंबरचा बिल्ला गाव्रिलाचा होता,
शून्य नंबरचा कुणाचाच नव्हता.

झिऊ खोऱ्यातली आमची खाण बंद झाली
त्याला दोन हिवाळे झाले.
आता रोजगार कचेरीचा वरचा मजला,
अकरा संगणक, बारा माणसं,
म्हणून मी आणि बालिंट एका पडद्यावर.
तो माऊस असा धरतो
जणू छताला टेकू देतोय.

"ओळखीचं काहीतरी घ्या यादीत," इलिंका म्हणाली,
"फळं, भाज्या."
बालिंटनं बटाटे घेतले.
मी बिल्ले.

दिवा नेताना माणूस आपला पितळी बिल्ला
माझ्या फळीवर अडकवायचा,
वर आला की दिवा परत, बिल्ला खिशात.
म्हणजे फळीवर लोंबेल तेवढं सगळं जमिनीखाली.
जीव टांगणीला लागतो म्हणतात ना,
माझ्याकडे त्याला नंबर होते.

फॉर-ईच:
एकेकापाशी थांबायचं, काही करायचं, पुढे सरकायचं.
हे मला नका शिकवू.
पाळीगणिक चारशे बारा वेळा
"नोरोक बुन" म्हटलंय मी खिडकीतून.
हाती काय आलं?
फॉर-ईच काहीच परत देत नाही, इलिंका सांगते.
बरोबर आहे पोरीचं.

मॅपनं बालिंटच्या बटाट्यांची सालं निघाली
आणि मूळ यादीत बटाटे सालासकट शाबूत.
"असं सैन्याच्या मुदपाकात हवं होतं," तो पुटपुटला.
माझ्याकडे नंबरांची नावं झाली.
दोनशे तेरा, पांतेलिमोन.
दोनशे चौदा, योसिफ.
दोनशे पंधरा
शेजारीच बसलाय, चष्मा पुसतोय.

फिल्टर मी एका ओळीत लिहिलं,
ज्यांचा दिवा परत आला नाही ते.
कंस राहिला होता, लाल अक्षरं आली.
कंस घातला.
उत्तर आलं:
चौकटी कंसात एकटा दोनशे चौदा.

त्या नोव्हेंबरातलीच यादी भरली होती मी,
कुणाला न सांगता.
तेव्हा फळी चार वेळा मोजली होती,
देवा, मला मोजता येत नसू दे, असं म्हणत.
यंत्रानं एकदाच मोजलं.
पापणी लवायच्या आत.
मला त्याचा राग आला.
बालिंटनं पडद्याकडे पाहिलं,
मग आपल्या बटाट्यांकडे.

एव्हरी विचारतं, सगळे वर आले का?
फॉल्स.
ठीक. हे मला ठाऊक होतं.
"आता यादी रिकामी करा," इलिंका म्हणाली, "आणि पुन्हा विचारा."
मी एकेक बिल्ला पुसला,
नुसते दोन कंस उरले, समोरासमोर.
सगळे वर आले का?
ट्रू.

"खोडी आहे ही," ती हसली, "मुलाखतीत विचारतात.
यादीत कुणीच नाही,
तर न आलेला तरी कोण असणार?"
वर्ग हसला.
आम्ही दोघं नाही.
विहिरीच्या तोंडावर काँक्रीट घातलंय,
फळी भंगारात गेली आकड्यांसकट,
आता खाली कुणी जात नाही,
म्हणून सगळे वर आलेत.
खोटं बोलत नाही ते यंत्र.
खोटं बोललं असतं तर भांडले असते.

रिड्यूस उद्या.
सुरुवातीला काहीतरी हातात द्या त्याच्या, ती बजावते,
रिकाम्या यादीवर रिकाम्या हातानं गेलं
की कोसळतं.

जिना उतरताना बालिंट कठडा धरून
नव्या पद्धतीनं पायऱ्या मोजतो,
शून्य, एक, दोन,
खाली पोचतो बावीसवर.
"तेवीस आहेत, सावेता. एक कमी कशी?"
"कमी नाही," मी म्हणते, "असंच असतं."
म्हणायला नको होतं.
तो परत वर जातो
आणि पहिल्यापासून मोजायला लागतो,
एक.